ऑपरेशन इस्तंबूलला, पेशंट उदगीरचा: सर्जन निवडण्याचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४३, राहणार उदगीर, कृषी सेवा केंद्राचे मालक. वजन १२८ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४५ च्या वर. नऊ वर्षांपासून मधुमेह. गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू असूनही एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.१. रक्तदाबाच्या दोन गोळ्या. घोरणं असं की बायको शेजारच्या खोलीत झोपते, आणि मध्येच आवाज थांबला की घाबरून उठून बघायला येते. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. घरात आणि मोंढ्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी अण्णांनी दिली, आणि वहिनींनी जरा जास्तच आनंदाने दिली.

लातूरला माझ्याकडे ते शुगरसाठी येतात. २०२४ च्या जानेवारीत आले ते ठरवूनच आले होते. वजनाचं ऑपरेशन करायचं, आणि तेही तुर्कस्तानात, इस्तंबूलला. ऑपरेशन करावं का, यावर वाद घालण्यासारखं फारसं काही नव्हतं. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले, तेव्हापासून बीएमआय ३५ च्या वर असेल तर बाकी आजार असोत-नसोत शस्त्रक्रिया सुचवावी असं मानतात. आपल्यासारख्या आशियाई लोकांना पोटावरची चरबी कमी वजनातच छळते, म्हणून आपला उंबरठा २७.५ धरतात. अण्णा कुठल्याही मोजपट्टीत बसत होते. आहार, चालणं, गोळ्या, इंजेक्शन सगळं करून झालं होतं. दोनदा दहा-बारा किलो उतरलं आणि लग्नसराईत व्याजासकट परत आलं. कुठे करायचं आणि कुणाकडून, एवढंच ठरायचं होतं.

इस्तंबूलच का

अण्णांची धाकटी बहीण लग्नानंतर इंग्लंडला, लेस्टरला गेली. तिथे सरकारी सेवेत या ऑपरेशनसाठी नंबर लागायला वर्षं जातात. तिने २०२१ मध्ये इस्तंबूलला जाऊन स्लीव्ह करून घेतलं, म्हणजे जठराचा साधारण पाऊण भाग काढून उरलेल्याची नळी केली. तिचं वजन छान उतरलं. दिवाळीत ती उदगीरला आली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांनी तिला ओळखलंच नाही. "अण्णा, तू नुस्ता हो म्हण, पैसे मी भरते," असं ती म्हणाली आणि घरात विषय सुरू झाला.

पण पैसे हे खरं कारण नव्हतं. अण्णांकडे आरोग्य विमा होता, बरीच वर्षं सलग भरलेला. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या अटींप्रमाणे बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ च्या वर असून अनियंत्रित मधुमेह किंवा झोपेतला तीव्र श्वासरोध यांसारखा आजार असेल, तर असं ऑपरेशन विम्यातून होऊ शकतं. उदगीरहून हैदराबाद चार-पाच तास. पुणं, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर आहेच. हे सगळं मी त्यांना सांगितलं. वैद्यकीयदृष्ट्या इस्तंबूलला जायला एकही कारण नाही, हेही सांगितलं.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हितं ऑपरेशन केलं की अर्ध्या उदगीरला कळतंय. लोक म्हणतेत, खाणं सुटंना म्हणून पोट कापून आला. दुकानावर बसायचंय मला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या कारणाला कुणी हसू नये असं मला वाटतं. गुडघ्याचं ऑपरेशन केलेल्या माणसाला भेटायला लोक शहाळं घेऊन येतात. वजनाचं केलं की सल्ला घेऊन येतात. हैदराबादच्या दवाखान्यात उदगीरचं माणूस भेटणार नाही याची खात्री कुणी द्यावी? इस्तंबूलला भेटणार नाही. बहिणीकडे जाऊन आलो म्हटलं की विषय संपला.

तर ते जाणार हे ठरलेलंच होतं. माझं काम एवढंच उरलं की जायचंच असेल तर सर्जन नीट निवडला जावा. आणि त्यातही एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. बहिणीचं ऑपरेशन आणि भावाचं ऑपरेशन वरून एकसारखं दिसत असलं तरी बहीण परतली ती लेस्टरला. तिथे परदेशात केलेल्या ऑपरेशनची नियमित देखभाल सरकारी सेवा सहसा अंगावर घेत नाही, पण रात्री पोटात दुखलं तर अॅम्ब्युलन्स येते आणि मोठ्या रुग्णालयात सर्जन असतो. अण्णा परतणार होते उदगीरला. सर्जनची पारख करताना हा फरक कुणीच हिशेबात धरत नव्हतं, बहीणही नाही.

पहिलं पॅकेज

बहिणीने तिच्याच क्लिनिकचा नंबर दिला होता. व्हॉट्सअॅपवर उत्तर दहा मिनिटांत आलं. पलीकडे होती पेशंट कोऑर्डिनेटर, अतिशय गोड बोलणारी. वजन, उंची, वय आणि दोन फोटो मागितले. तासाभरात निरोप: तुम्ही स्लीव्हसाठी मंजूर आहात. चार रात्री, पंचतारांकित हॉटेल, विमानतळावरून गाडी, सगळं धरून साडेतीन हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेचार लाखांच्या घरात. आज अॅडव्हान्स भरला तर तीनशे पौंड सूट.

मंजुरी कुणी दिली, असं आम्ही विचारलं. "आमच्या वैद्यकीय टीमने." ऑपरेशन कोण करणार? "आमचे अत्यंत अनुभवी सर्जन." नाव? "तारखेनुसार ठरेल." बहिणीला आठवलं की तिलाही सर्जन ऑपरेशनच्या सकाळीच पहिल्यांदा दिसला होता, तोही दोन मिनिटं. तिचं चांगलं झालं म्हणून ते तिला तेव्हा खटकलं नव्हतं.

आंबट पाणी घशाशी येतं, हे अण्णांनी मुद्दाम लिहिलं होतं. उत्तर आलं की ऑपरेशननंतर वजन उतरलं की ते आपोआप थांबेल. इथे मी पहिल्यांदा चिडलो. स्लीव्हनंतर जठराची अरुंद नळी होते, आतला दाब वाढतो, आणि बऱ्याच जणांचं आम्ल वर येणं वाढतं. ज्यांना आधी नव्हतं त्यांनाही सुरू होतं. खुद्द बहीण तीन वर्षांपासून रोज आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलची गोळी घेत होती आणि ते तिखटामुळे आहे असं समजत होती. ज्याला आधीपासून त्रास आहे त्याची दुर्बिणीतून तपासणी न करता स्लीव्ह मंजूर करणं म्हणजे माप न घेता सदरा शिवणं.

फॉर्ममधला आणखी एक प्रश्न: सिगारेट ओढता का? अण्णांनी लिहिलं होतं, नाही. खरंच ओढत नाहीत. चुना लावून मळलेली तंबाखू मात्र दिवसाला पाच-सहा वेळा ओठाखाली जाते, आणि ती कुणी विचारलीच नव्हती. इस्तंबूलच्या कोऑर्डिनेटरला ती सुचणार तरी कशी? पण निकोटिन रक्तात जायचं ते जातंच. शिवण भरायला उशीर, आणि जठराच्या बायपासनंतर (वजनाचंच दुसरं ऑपरेशन) आतड्याच्या जोडावर अल्सर, हे त्याचे ठरलेले परिणाम.

त्या क्लिनिकच्या पानावर दहा हजार यशस्वी ऑपरेशनं असा आकडा होता आणि क्लिनिक आठ वर्षांचं. अण्णा दुकानदार आहेत, हिशेब त्यांनीच केला. वर्षाला साडेबाराशे. सुट्ट्या वजा जाता रोजची पाच. "मग रात्री राऊंड कोण घेतंय?" असं त्यांनी मला विचारलं. मी मनात म्हटलं, आता खरी निवड सुरू झाली. ती सूट आम्ही सोडून दिली.

मधल्या काळात मी त्यांना काही गोष्टी वाचायला दिल्या, घाबरवायला नव्हे. मेक्सिकोतल्या तिहुआनाला अमेरिकेतून माणसं याच ऑपरेशनला जातात. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने इशारा दिला की तिथून परतलेल्यांमध्ये जवळजवळ कुठल्याच प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या सुडोमोनास या जिवाणूचा संसर्ग आढळतो आहे. त्यातल्या बऱ्याच जणांनी वजनाचीच शस्त्रक्रिया करून घेतली होती. २०२३ मध्ये तुर्कस्तानात जठरात बोटॉक्सची इंजेक्शनं घेऊन युरोपात परतलेल्या लोकांना बोट्युलिझम झाला, म्हणजे बोटॉक्समधल्याच विषाने स्नायू लुळे पडले. दोन्हीकडे माणसं आजारी पडल्याचं उघड झालं ते आपापल्या गावी परतल्यावर, ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन पाहिलंही नव्हतं त्यांच्यासमोर. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवास-सूचनांमध्येही तुर्कस्तानातल्या वैद्यकीय पर्यटनाविषयी सावधगिरीचा मजकूर आहे. बहिणीने तो पहिल्यांदाच वाचला.

यावरून तुर्की सर्जन वाईट ठरत नाहीत, आणि आपल्याकडचे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. आपण स्वतःही परदेशी रुग्णांचं ठिकाण आहोत. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानाने मुंबईला आली, पाचशे किलोच्या आसपास वजनाची. मार्चमध्ये स्लीव्ह झालं, मग कुटुंब आणि रुग्णालय यांच्यात जाहीर भांडण, मे महिन्यात अबू धाबीला रवानगी, आणि सप्टेंबरमध्ये तिथे मृत्यू. तिचं दुखणं फारच गुंतागुंतीचं होतं, दोष वाटत बसण्यात अर्थ नाही. पण पुढची जबाबदारी कुणाची, हे आधी लिहून ठरलेलं नसलं की काय होतं ते तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

दुसरा सर्जन

दुसरं नाव सापडलं ते जाहिरातीतून नव्हे. इस्तंबूलच्या सर्जनांमध्ये दुसऱ्यांची फसलेली ऑपरेशनं दुरुस्त करण्यावर कोणी लिहिलं आहे, ते मी वैद्यकीय नियतकालिकांत शोधलं. ही माझी जुनी खोड आहे. जो माणूस शिवणीतून होणारी गळती, अरुंद झालेले जोड, पीळ पडलेल्या नळ्या निस्तरतो त्याला कुठे काय बिघडतं हे हाताने माहीत असतं, आणि तो ऑपरेशन करायला घाई करत नाही.

त्याला ईमेल केली. उत्तराला चार दिवस लागले. अण्णांना ते आवडलं नाही, मला आवडलं. उत्तर त्याचं स्वतःचं होतं आणि त्यात फक्त मागण्या होत्या. एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी करा, जठरातला हेलिकोबॅक्टर जिवाणू तपासा. झोपेची तपासणी करा. निकोटिन कुठल्याही रूपात घेत असतील तर सहा आठवडे बंद, मग रक्तात कोटिनीन (निकोटिनचा मागे राहणारा अंश) तपासून पाठवा. एचबीए१सी आठच्या आसपास आणा. आणि शेवटची ओळ: भारतात घरापासून काही तासांच्या अंतरावर यांना कोण बघणार आहे, त्या सर्जनचं पत्र मिळाल्याशिवाय मी तारीख देत नाही.

ही शेवटची ओळ वाचून मी बहिणीला फोन केला आणि म्हणालो, ताई, माणूस सापडला बहुतेक.

एन्डोस्कोपी लातूरला झाली. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला), अन्ननलिकेला खालच्या बाजूला सूज, हेलिकोबॅक्टर पॉझिटिव्ह. अहवाल पाहून त्याने व्हिडिओ कॉल लावला, स्वतः, आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की स्लीव्ह मी करणार नाही. या पेशंटला बायपास लागेल: जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडायचा. आम्ल वर येणं त्यात बहुधा थांबतं आणि मधुमेहही जास्त वठणीवर येतो. अण्णांना बहिणीसारखंच ऑपरेशन हवं होतं. ते दोन दिवस रुसले.

त्या कॉलवर मी विचारलेले प्रश्न सांगण्यासारखे आहेत. गेल्या वर्षी तुम्ही स्वतः किती बायपास केले. युनिटने नव्हे, तुम्ही. त्यात गळती किती, तीस दिवसांत पुन्हा थिएटरमध्ये किती जणांना न्यावं लागलं, किती दगावले. त्याने आकडे दिले आणि एका मृत्यूची हकिगत न विचारता सांगितली: फुप्फुसात गुठळी, नवव्या दिवशी, विमानप्रवासानंतर. माझा एकही पेशंट गेला नाही म्हणणारा सर्जन एक तर नवा असतो, नाहीतर हिशेब ठेवत नसतो. या ऑपरेशनात मृत्यू फार कमी, हजारात एकाच्या आसपास, पण शून्य नाही.

मग विचारलं, त्या दिवशी यादीत यांचा नंबर कितवा? दोनपैकी पहिला. मधुमेह आणि श्वासरोध असलेला पेशंट म्हणून. आयसीयू त्याच इमारतीत आहे का, रात्री एन्डोस्कोपी होते का, वॉर्डात रात्री इंग्रजी बोलणारं कुणी असतं का. शेवटच्यावर तो अडखळला. रात्री दुभाष्या फोनवर असतो म्हणाला. ती एक उणीव, म्हणून वहिनींनी सोबत राहायचं ठरलं आणि पासपोर्ट निघाला, आयुष्यातला पहिला.

आणि व्हिडिओ. आधीच्या एखाद्या बायपासचं नाव झाकलेलं, काटछाट न केलेलं चित्रण मागितलं. हे मागायचं धाडस २०१३ च्या एका अभ्यासातून आलं. अमेरिकेत मिशिगनमध्ये वीस सर्जनांनी आपापल्या बायपासचं चित्रण दिलं, दुसऱ्या सर्जनांनी नाव न कळता त्यांना गुण दिले. हाताची सफाई सगळ्यांत कमी ठरलेल्या चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, सगळ्यांत वरच्यांत ५.२. सगळे शिकलेले, सगळे परवानाधारक, तरी एवढं अंतर. चित्रण मी पुण्यातल्या एका सर्जन मित्राला दाखवलं. तो कुजकट बोलण्याबद्दल प्रसिद्ध आहे. "घाई नाही याला," एवढंच म्हणाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. जेसीआय ही आंतरराष्ट्रीय दर्जाची मान्यता रुग्णालयाला मिळते, सर्जनला नाही. ती असणं बरं, पण तेवढ्यावर भागत नाही. परदेशी रुग्ण घेण्यासाठी तुर्कस्तानच्या आरोग्य मंत्रालयाचं वेगळं अधिकारपत्र लागतं, रुग्णालयालाही आणि मध्यस्थ कंपनीलाही. मंत्रालयाच्या यादीत या रुग्णालयाचं नाव पाहिलं. कोर्टकचेरीचा विचार अण्णांच्या वकील मेहुण्याने केला आणि लगेच सोडून दिला: लातूरच्या ग्राहक आयोगाचा हुकूम इस्तंबूलला बजावणार कोण?

सगळ्यांत अवघड गेलं ते इथलं पत्र. पहिल्या दोन सर्जनांनी नकार दिला. एकाने तोंडावर सांगितलं, "ऑपरेशन तिकडं, निस्तरायचं आम्ही?" त्याचं काही चुकलं नाही. शेवटी हैदराबादच्या एकाने आधी इस्तंबूलच्या सर्जनशी स्वतः बोलायची अट घातली. दोघं अर्धा तास बोलले, आतडं कुठून किती अंतरावर जोडणार यावर. त्यानंतर पत्र आलं, फीसह: तपासणीच्या किती फेऱ्या, आणीबाणीत कुठल्या नंबरवर. अण्णा म्हणाले, मग हैदराबादलाच का करू नये? मी म्हणालो, तेच तर मी जानेवारीपासून म्हणतोय. ते हसले. तिकीट तोवर निघालं होतं.

तंबाखू सुटली, पण घरात सगळ्यांचं डोकं फिरवून. दुसऱ्या वेळची कोटिनीन तपासणी पास झाली तेव्हा वहिनींनी पेढे वाटले, कशाचे ते न सांगता.

ऑपरेशन मार्चअखेर झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि तसंच असावं. पॅकेजवाले चौथ्या दिवशी विमानात बसवत होते. या सर्जनने दहा दिवस शहर सोडू दिलं नाही. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर दहा दिवस विमान टाळा, असं अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्रही सांगतं. गळती अनेकदा घरी सोडल्यानंतरच कळते, आणि पहिली खूण बहुधा ताप किंवा दुखणं नसून नाडीचा वेग असतो. शांत बसलेल्या माणसाची नाडी १२० च्या वर राहिली तर ती गळती समजून तपासायचं. वहिनींना नाडी मोजायला शिकवलं होतं. वाढीव मुक्कामाने खर्च पॅकेजच्या जवळजवळ दुपटीवर गेला. मुंबईपर्यंत सात तास विमान, पुढे उदगीरपर्यंत रात्रभर रेल्वे. म्हणून गुठळी टाळायची इंजेक्शनं घरी आल्यावरही चालू ठेवली. पेन ड्राइव्हवर चित्रण, इंग्रजीत ऑपरेशनची सविस्तर नोंद, वापरलेल्या स्टेपलरचे प्रकार, आतड्याच्या दोन्ही फाट्यांची लांबी, सगळं हातात घेऊनच ते निघाले.

देवणीची रात्र

मे महिना. देवणी तालुक्यात नात्यातलं लग्न, ऊन ४२ च्या पुढे. अण्णांना चार-पाच दिवसांपासून उलट्या होत होत्या. आधी पातळ भाकरीचा कुस्करा राहिना, मग ताकही. पण लग्नाला न जाणं म्हणजे लोकांनी विचारणं, म्हणून गेले. रात्री मांडवात चक्कर आली. चुलतभावांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने आपल्याकडे असा पेशंट आला की जे होतं तेच केलं: ग्लुकोजची बाटली मागवली, आणि पोटदुखीला डायक्लोफेनॅक. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सोबत आलेल्यांनाही ठाऊक नव्हतं.

दोन्ही चुकीचं होतं. असे दिवसेंदिवस उलट्या झालेल्या बायपासच्या पेशंटच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१, तळाला गेलेलं असतं. अशात आधी ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: भ्रम, डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं. वेळ गेली तर ते कायमचं राहतं. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग साधं मिठाचं सलाईन, हा क्रम. आणि डायक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामकं बायपासनंतर वर्ज्य. जोडावर अल्सर होतो.

इस्तंबूलच्या सर्जनने घरी पाठवताना एक छापील कार्ड दिलं होतं, इंग्रजीत. मी त्याच्या पाठीवर मराठीत तेच टाइप करून लॅमिनेट करून दिलं होतं: काय ऑपरेशन झालं, काय द्यायचं नाही, उलट्या असतील तर ग्लुकोजआधी थायमिन, आणि तीन फोन नंबर. वहिनींनी ते पर्समधून काढलं. अण्णांनी हात धरून थांबवायचा प्रयत्न केला, कारण खोलीत पाच नातेवाईक उभे होते. वहिनींनी हात सोडवला आणि कार्ड डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. मला हे नंतर त्या डॉक्टरनेच सांगितलं. त्याने कार्ड वाचलं, बाटली बदलली, आणि रात्री साडेअकराला मला फोन केला. एवढ्या लहान गावात थायमिन सापडणं हेही नशीबच. लातूर रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये मिळालं.

सकाळी गाडीने हैदराबाद. जठराचा कप्पा आणि आतडं यांचा जोड आकसला होता. ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात असं काहींना होतं, त्यात कुणाचा गुन्हा नसतो. एन्डोस्कोपीतून फुगा घालून तो रुंद केला, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जोड किती मापाचा ठेवला होता हे ऑपरेशनच्या नोंदीत असल्यामुळे फुगा किती फुगवायचा यावर दोन्ही सर्जनांचं फोनवर पाच मिनिटांत ठरलं. विमा कंपनीने हा खर्च नाकारला. परदेशातल्या ऑपरेशनची गुंतागुंत, असं कारण दिलं. मेहुणे त्यावर अजून पत्रव्यवहार करत आहेत.

गुपित अर्थातच संपलं. आठ दिवसांत उदगीरला कळलं. अण्णांना भीती होती तसं काही झालं नाही. दोघांनी टोमणे मारले आणि बऱ्याच जणांनी बाजूला घेऊन नंबर मागितला.

आजची स्थिती

वर्षाच्या तपासणीत वजन ८९. इन्सुलिन बंद, एक मेटफॉर्मिन चालू, एचबीए१सी ६.२. रक्तदाबाची एकच गोळी. झोपेची तपासणी पुन्हा केली, रात्री श्वासासाठी लावायचं मशीन बंद झालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी आहे, घरात मांसाहार नाही, त्यामुळे लोहाच्या गोळ्या आणि दर महिन्याला बी-१२ चं इंजेक्शन. रोजची साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं डाळ, दही, पनीर यांतून भरत नाहीत, म्हणून पावडर. ती अण्णांना आवडत नाही. उन्हाळ्यात एकदम तांब्याभर पाणी पिता येत नाही याची त्यांना अजून चीड येते. दुकानात गल्ल्याशेजारी बाटली ठेवून घोट-घोट घेतात. बहिणीने स्वतःची एन्डोस्कोपी करून घेतली. तिच्या अन्ननलिकेलाही सूज निघाली, आणि आता तिचंही बायपासमध्ये रूपांतर करायचं का, ही चर्चा त्याच सर्जनशी चालू आहे.

मध्यंतरी वहिनी एकट्या आल्या होत्या. अण्णांच्या शर्टाच्या खिशात पुन्हा चुन्याची डबी सापडली म्हणाल्या. अण्णा म्हणतात ती गड्याची आहे. पोटात वरच्या बाजूला थोडी जळजळ आहे, म्हणून हैदराबादला पुढच्या महिन्यात दुर्बीण ठरली आहे. इस्तंबूलहून ईमेल आली, एन्डोस्कोपीआधी कोटिनीन तपासून पाठवा. ती तपासणी अण्णांनी अजून दिलेली नाही.